पाच पाच टन

सकाळी ७.४०

एमआयडीसीत शिरलं की आधी भंगार कानावर येतं. क्रेनच्या चुंबकाने उचललेला ढीग सुटतो आणि पत्रे, पाइप, सायकलींचे सांगाडे, मोडके नांगर एकदम खाली कोसळतात. त्यामागे भट्टीची गुणगुण आणि सगळ्यात खाली रोलिंगची घरघर, जी रात्री घरी गेल्यावरही कानात राहते. ‘जालना, सोने का पालना’ असं जुने लोक म्हणतात. आमच्या पाळण्यात लोखंड झोपतं, आणि तेही फार कमी वेळ. भंगार भट्टीत जातं, त्याचं बिलेट होतं, बिलेट लाल होऊन रोलिंगमधून सळई बनून निघतं, बंडल बांधलं जातं, गाडीत चढतं. तिथून पुढे माझं काम. मी डिस्पॅचला आहे.

माझ्या टेबलावर सळई येत नाही, तिचे आकडे येतात. रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, भाव, बिलाची रक्कम, गाडीचा नंबर, ई-वे बिलाचा बारा अंकी नंबर. बावीस वर्षं हे सगळं मी बोटांनी टाइप केलं. गेल्या दिवाळीनंतर उजव्या मनगटात मुंग्या येऊ लागल्या, मग कपही धरवेना. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, पट्टा बांधा, टायपिंग कमी करा. छोट्या शेठनी दुसऱ्या दिवशी माइकवाला हेडफोन आणून ठेवला. “काका, तुम्ही फक्त बोला. तो लिहील.”

तेव्हापासून मी बोलतो आणि तो लिहितो. काय लिहितो, ते वाचायला तिसरा माणूस लागतो. तोही मीच.

सकाळी ८.१५

पहिली दहाचाकी काट्यावर चढली. काट्यावर मामा आहेत. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण शेठपासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. काट्याच्या खिडकीत लाल आकडे उजळले. मामांनी ते वाचले, जसे रोज वाचतात. “खाली गाडी, नऊ हजार आठशे साठ. नऊ, आठ, सहा, शून्य.”

एकदा आकड्याचं नाव, एकदा त्याचे सुटे अंक. मग मान वर करून माझ्याकडे पाहणार. मी तेच परत म्हणेपर्यंत पेन उचलणार नाहीत. नवा होतो तेव्हा मला हे कर्मकांड वाटायचं. काट्याला छापील पावती निघायला लागली तरी मामांनी सवय सोडली नाही. काट्याचा संगणक आणि ऑफिसचा संगणक यांची अजून ओळख झालेली नाही, त्यामुळे पावतीवरचा आकडा अखेर कुणाच्या तरी तोंडूनच माझ्यापर्यंत येतो.

ऑफिसात येऊन मी माइकमध्ये म्हटलं, “नऊ हजार आठशे साठ.” पडद्यावर आलं: ९८६०. बरोबर. सकाळी भट्टीकडची खिडकी बंद असते, माझा घसाही ताजा असतो. अशा वेळी यंत्र शहाण्यासारखं वागतं.

सकाळी ९.३०

ऑर्डरींची वेळ. गावोगावचे दुकानदार व्हॉट्सॲपवर बोलून संदेश पाठवतात. मी ते ऐकतो आणि यादीसाठी माइकमध्ये पुन्हा बोलतो. माइक घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात भोकरदनकडच्या एका दुकानदाराचा संदेश होता, “आठ दहा बारा, पाच पाच टन पाठवा.” मी तस्साच बोललो. पडद्यावर उमटलं:

८ १० १२ ५५ टन पाठवा

मी चहा घेत होतो. कागद लोडिंगला गेला. दहा मिनिटांनी मुकादम दारात उभा. “काका, पंचावन्न टन? तीन दहाचाक्यांतबी नाही बसायचं. अन् कोणत्या साइजचं?”

दुकानदाराला हवा होता पंधरा टन माल, आठ, दहा आणि बारा एमएमचा, प्रत्येकी पाच टन. मराठीत शब्द दोनदा म्हटला की वाटणी होते. दोन दोन पोळ्या वाढा म्हटलं तर कुणी ताटात बावीस पोळ्या टाकत नाही. यंत्राला मात्र दोन पाच शेजारी दिसले की पंचावन्न दिसतात. उलट खोडही आपल्याच भाषेची. ‘दहा बारा’ म्हणजे अंदाजे, ‘दहा, बारा’ म्हणजे दोन वेगळ्या जाडीच्या सळया. मधला स्वल्पविराम आपण जिभेने देत नाही, श्वासाने देतो. ऐकणारा तो श्वास ऐकतो. माझ्या हेडफोनच्या पेटीवर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हा माइक श्वासाचा आवाज गाळून टाकतो.

आता मी म्हणतो, “आठ एमएम, पाच टन. दहा एमएम, पाच टन. बारा एमएम, पाच टन.” काम नीट होतं. पण दिवसभर असं बोलून घरी गेलो की बायको म्हणते, तुम्ही पावतीसारखं बोलायला लागलात.

सकाळी १०.१०

जुने दुकानदार एमएम म्हणतच नाहीत. त्यांची सळई सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित आत. अडीच सूत म्हणजे आठ एमएम, तीन सूत म्हणजे दहा, चार म्हणजे बारा, पाच म्हणजे सोळा, सहा म्हणजे वीस, आठ म्हणजे पंचवीस. हिशेब काटेकोर बसत नाही, चार सूत खरं तर साडेबाराच्याही वर जातं. पण बाजाराने तो कधीच बसवून घेतलाय. मेट्रिक मापं येऊन सहा दशकं उलटली तरी गवंड्याच्या तोंडी सूतच आहे.

मी बोललो, “अडीच सूत, चार टन.” पडद्यावर आलं, “२.५ सूट ४ टन.” अकाउंटच्या ताई उठून आल्या. “काका, अडीच टक्के सूट कुणी मंजूर केली?”

यंत्राने अडीचचे २.५ बिनचूक केले याचं मला कौतुकच वाटलं. सव्वा, दीड, पावणे, साडे हे शब्द आकड्यांच्या आधी येऊन आकडा वाकवतात. दीडशे समजतं, सव्वाशे समजतं, पण ‘पावणेदोनशे बंडल’ म्हटलं की कधी १७५ येतात, कधी ‘पावणे २००’. भावाच्या बोलण्यात तर हजार हा शब्दच गिळलेला असतो. आज बाजार ‘साडेएकोणपन्नास’ आहे असं म्हणतात, म्हणजे टनाला एकोणपन्नास हजार पाचशे. पन्नासातून एक उणा करायचा, त्यावर अर्धा चढवायचा, आणि न उच्चारलेल्या हजाराने गुणायचं. हे सगळं शाळेत न गेलेला हमालही एका दमात करतो.

सकाळी ११.२०

सकाळची दहाचाकी भरून आली. मामांचा आवाज: “भरती, सत्तावीस हजार नऊशे चाळीस. दोन, सात, नऊ, चार, शून्य.” निव्वळ १८,०८० किलो. साडेएकोणपन्नासच्या भावाने रक्कम ८,९४,९६०. त्यावर १८ टक्के जीएसटी १,६१,०९२.८०. एकूण १०,५६,०५२.८०.

गुणाकार संगणकच करतो. पण गाडीमागे पार्टीला जो संदेश जातो तो मी बोलतो. “आठ लाख चौऱ्याण्णव हजार नऊशे साठ.” तेवढ्यात रोलिंगमध्ये सळई अडकली, भोंगा झाला, आणि पडद्यावर आलं ८,५४,९६०. चौऱ्याण्णवचं चौपन्न झालं. चाळीस हजार रुपये एका भोंग्यात गेले.

आपल्या आकड्यांची गंमत आणि गोची एकच आहे. एकक आधी येतो, दहाचं घर शेवटी. चौपन्न, चौसष्ट, चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव. मोठी रक्कम ठरते ती शेपटीवर, आणि आवाज पडतो तो नेमका शेपटीतच. सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव यांच्यात शेवटचं ‘ऐंशी’ की ‘आण्णव’ एवढाच फरक. कारखान्यात तो कुठल्या कुठे उडून जातो.

छोट्या शेठनी मला एकदा समजावलं होतं की हे यंत्र नुसतं ऐकत नाही, अंदाजही बांधतं. ‘आपला विश्वासू’ यातला ‘विश्वासू’ धड ऐकू आला नाही तरी ते लिहितं, कारण ‘आपला’च्या मागून काय येतं हे त्याने हजारो पत्रांत पाहिलेलं असतं. शब्द एकमेकांना सावरतात. ‘आठ लाख’च्या पुढे मात्र चौपन्न येणार की चौऱ्याण्णव, हे कुठल्याही पत्रावरून ठरत नाही. आकड्याला शेजारी नसतो.

म्हणून बिलावर अक्षरी रक्कम असते. ‘अक्षरी रुपये दहा लाख छप्पन्न हजार बावन्न आणि पैसे ऐंशी फक्त.’ ज्या कुणी पहिल्यांदा रक्कम अंकांत लिहून शेजारी अक्षरांत लिहिली, त्याने आकड्याला शेजारी दिला. मामा तेच तोंडाने करतात.

दुपारी १.००

डबा. लॅबचा पोरगा समोर बसतो. भट्टीतल्या प्रत्येक हीटचा नमुना तपासणं हे त्याचं काम. त्याला असल्या गोष्टींची माहिती असते. तो म्हणाला, “काका, माणसाचं बोलणं ओळखणारं पहिलं यंत्र फक्त आकडेच ओळखायचं.” १९५२ साली अमेरिकेत बेल लॅबने ‘ऑड्री’ नावाचं यंत्र केलं. शून्य ते नऊ एवढेच शब्द त्याला कळायचे. एकाच माणसाच्या आवाजाला जुळवून घ्यावं लागायचं, आणि प्रत्येक अंकानंतर थांबावं लागायचं. दहा वर्षांनी आयबीएमने ‘शूबॉक्स’ दाखवलं. त्याला सोळा शब्द यायचे, त्यात दहा अंक आणि बाकी बेरीज-वजाबाकीचे हुकूम. तोंडी हिशेब सांगायचा, ते बेरीज करून द्यायचं.

मी भाकरी मोडता मोडता थांबलो. सत्तर वर्षांपूर्वी त्या यंत्राशी माणसं बोलायची ती मामांसारखी. नऊ. आठ. सहा. शून्य. मध्ये श्वास. आता यंत्र सलग बोलणं ऐकतं, मराठी ऐकतं, २०१७ पासून तर फोनवरही मराठीत बोलून लिहिता येतं. आपण थांबायचं तेवढं सोडून दिलं.

दुपारी २.१५

टेस्ट सर्टिफिकेट. सळईचं मानक आयएस १७८६. मी ‘सतराशे शहाऐंशी’ म्हणतो, कधी त्याचं १७८६ होतं, कधी ‘१७०० ८६’. सतराशे साठ भानगडींत आणखी एक. ग्रेड ‘एफई पाचशे डी’. यंत्र लिहितं, ‘ये फी ५०० दी’. इंग्रजी अक्षरं ही त्याची दुखरी नस आहे. ‘ए’चं ‘ये’ होतं, ‘टी’चं ‘ती’. ‘बी’ मात्र बरोबर ‘बी’च येतं, पण पेरायचं. तिथे मी राग धरत नाही. बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ साली महिको सुरू केली ती याच जालन्यात. या गावात बी म्हटल्यावर आधी बियाणं आठवलं तर यंत्राचं काय चुकलं?

मग मीटरमागचं वजन. आठ एमएमचं शून्य पॉइंट तीन नऊ पाच, बारा एमएमचं शून्य पॉइंट आठ आठ आठ. जाडीचा वर्ग करून १६२ ने भागलं की किलो निघतात. हे सूत्र इथल्या प्रत्येक सुपरवायझरला तोंडपाठ. ‘शून्य पॉइंट तीनशे पंच्याण्णव’ म्हटलं तर यंत्र गोंधळतं. शाळेत गुरुजी सांगायचे, दशांश चिन्हानंतर अंक सुटे वाचायचे. तेव्हा छडी मिळायची, आता चुकीचं सर्टिफिकेट निघतं. ‘दशांश चिन्ह’ म्हणून पाहिलं तर ते दोन शब्द जसेच्या तसे उमटले. ‘पूर्णांक’ म्हटलं तर पूर्णांक. शेवटी टिंब मी डाव्या हाताने, एका बोटाने टाकतो. अख्ख्या सर्टिफिकेटात माझ्या हाताचं तेवढंच.

दुपारी ३.४०

एका पार्टीला उशिराबद्दल पत्र. घाई होती, मी सगळं बोलून टाकलं आणि न वाचता पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा समोरचा माणूस हसू दाबत होता. “काका, पत्र छान आहे. ‘माननीय महोदय स्वल्पविराम आपला माल उद्या निघेल पूर्णविराम’. पुढे काय, टाळ्या?”

मी वापरतो त्या यंत्राला पूर्णविराम हा मराठी शब्द आहे एवढंच माहीत आहे, तो हुकूम आहे हे माहीत नाही. आणि मी काहीच म्हटलं नाही तर अख्खं पत्र एका ओळीत धावतं, मोडीतल्या दप्तरासारखं. मोडीत विरामचिन्हं नव्हती आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, लेखणी शक्यतो उचलायचीच नाही. आज आपण लावतो ती चिन्हं इंग्रजीवरून मराठीत आणून रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात. पत्राच्या बाबतीत माझा माइक कँडींच्या आधीच्या काळात आहे.

मोडी वाचणारा कारकून त्या लेखनाच्या घराण्यातला असायचा, कुठे थांबायचं ते त्याला कळायचं. आमच्या गेटवरचा वॉचमन बिहारचा आहे. परवा मी बोलून संदेश पाठवला: “गाडी सोडली नाही पैसे आले की सांगतो.” त्याने दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला. तो माणूस ‘सोडली’पाशी थांबला. गाडी सोडली, नाही पैसे आले की सांगतो. त्यातून त्याने एवढंच घेतलं की गाडी सोडायचं ठरलंय. गाडी सुटली. पैसे दोन दिवसांनी आले म्हणून माझं निभावलं.

संध्याकाळी ५.३०

गाड्यांची रांग. ड्रायव्हर येऊन नंबर सांगतात. एमएच एकवीस म्हणजे आपली जालन्याची, वीस म्हणजे संभाजीनगरची. पुढचे चार अंक जोडीजोडीने, आणि ज्याच्या त्याच्या भाषेत. कुणी मराठीत, कुणी इंग्रजीत, उत्तरेकडचे हिंदीत. हिंदीत उनासी म्हणजे एकोणऐंशी आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद. माझं यंत्र मराठीला लावलेलं. ‘नवासी’ ऐकून त्याने लिहिलं ‘निवासी’. अंदाज बांधतं म्हणतात ते असं.

इथे चूक झाली तर ती रस्त्यावर उघडी पडते. १ एप्रिल २०१८ ला ई-वे बिल आलं, आणि कागदावरचा गाडीनंबर गाडीवरच्या नंबराशी जुळणं हे माझ्या पोटात गोळा येण्याचं कारण झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राच्या परिपत्रकाने थोडा दिलासा दिला. गाडीनंबरातले एक-दोन अंक चुकले असतील, बाकी कागद ठीक असतील, तर माल अडकवायचा नाही, केंद्र आणि राज्य मिळून पाचशे-पाचशेचा दंड. म्हणजे सत्त्याऐंशीचं सत्त्याण्णव झालं तर त्याचा भाव सरकारने ठरवलेला आहे, हजार रुपये.

म्हणून गाडीनंबर मी माइकला देत नाही. ड्रायव्हरला म्हणतो, “उस्ताद, एकेक करके बोलो.” तो एकेक अंक बोलतो, मी एकेक परत म्हणतो, आणि डाव्या हाताने दाबतो.

संध्याकाळी ७.४५

घर. थोरलीला सगळ्या गमती सांगतो. ती हसते, “बाबा, सत्तर सात म्हणायचं ना!” ती दुसरीत होती ते साल २०१९. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात त्या वर्षी एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बासष्टच्या जोडीला ‘साठ दोन’ आलं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, म्हणून मंगला नारळीकरांच्या समितीने ही वाट सुचवली. केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. मीही तेव्हा चौकात उभं राहून तावातावाने बोललो होतो की आपली भाषा बुडाली. जुने शब्द पुस्तकात होतेच, हे पुस्तक न उघडता बोलणाऱ्या मला माहीत नव्हतं.

तिच्या सांगण्यावरून मी फोनमध्ये बोलून पाहिलं. “सत्तर सात.” पडद्यावर आलं: ७० ७. ती म्हणाली, “त्याने दुसरी केलेली नाही.” मग मी ‘सत्त्याहत्तर’ म्हटलं, सावकाश, हेल न काढता. ७७. एकूण धडा असा की नारळीकरबाईंनी विचार केला तो पोरांच्या कानांचा. माझ्या यंत्राचे कान अजून पुण्याच्या स्टुडिओत आहेत, भट्टीजवळ आलेले नाहीत.

रात्री ९.५०

फोन. मामा गावी गेलेत, रात्रपाळीला काट्यावर नवा पोरगा आहे. मागे रोलिंग चालू, भोंगा, कुणीतरी ओरडतंय. “काका, बाराचाकी भरली. तेहतीस हजार आठशे सत्तर.”

पलीकडून पुढचं काहीच आलं नाही. तो आकडा सांगून मोकळा झाला होता.

“परत सांग.”

“तेहतीस हजार आठशे सत्तर.”

“तसं नाही. सुटे सांग.”

क्षणभर गप्प राहिला. मग पावती डोळ्यांजवळ नेल्यासारखा सावकाश बोलला, “तीन. तीन. नऊ. सात. शून्य.” आणि स्वतःच म्हणाला, “नऊ आहे काका. नऊशे सत्तर.”

“तीन, तीन, नऊ, सात, शून्य,” मी म्हटलं. “आता लिही.”